तीन मजल्यांचा एक डेटाबेस

त्या इमारतीत त्यांना सगळे कुलूपकाकू म्हणायचे. कुणी तोंडावर, कुणी पाठीमागे, पण म्हणायचे सगळेच. कारण साधं होतं. तळमजल्यावर काही अडलं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, 'वर कुणी कुलूप लावून बसलंय का?' आता हे कुलूप दाराचं नव्हे बरं. डेटाबेसात कुणी एखाद्या तक्त्यात लिहायला घेतलं की त्याचं आटपेपर्यंत तो तक्ता बाकीच्यांना बंद. त्याचं झालं की उघडला. हा सगळा कारभार डोळ्यांत तेल घालून सांभाळणं हे काकूंचं काम. त्यांची खोली गच्चीच्या जिन्याखाली होती. सर्व्हरला गार हवा लागते म्हणून तिथे बारा महिने एसी चालू, आणि काकू बारा महिने स्वेटर आणि लोकरीचे मोजे घालून बसलेल्या. बाहेर लोक घामाने निथळत असले तरी काकू आपल्या खाली उतरायच्या स्वेटरात, आणि पेशंट त्यांच्याकडे असे बघायचे की खरी आजारी बाई हीच.

इमारत तीन मजली. तळाला डोळ्यांचा दवाखाना, मध्ये दातांचा, वर फिजिओथेरपी. तिन्हींचे डॉक्टर सख्खी भावंडं. थोरला दातांचा, मधली बहीण डोळ्यांची, धाकटा गुडघे-खांदे वळवणारा. त्यांचे वडील, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी हे सगळं उभं केलं होतं. काकू त्यांच्याकडे लागल्या तेव्हा ही तिन्ही पोरं शाळेतून परस्पर दवाखान्यात यायची आणि काकूंच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. अभ्यास कसला, मारामाऱ्याच.

मोठ्या डॉक्टरांचं एक म्हणणं होतं. माणूस एक आहे, तर त्याची नोंदही एकच हवी. डोळे दाखवायला आला काय, दात काढायला आला काय, माणूस तोच. म्हणून काकूंनी एका सर्व्हरवर एकच डेटाबेस थाटला होता, आणि तिन्ही मजले त्याच्यातच लिहायचे. त्याचा उपयोगही झाला होता. एका बाईंना भुलीचं एक इंजेक्शन चालत नाही हे खाली डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदलं गेलं, म्हणून वर दातांच्या खुर्चीत बसलेल्या त्याच बाई वाचल्या. ही गोष्ट काकू नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या. जुन्यांनाही अधूनमधून सांगायच्या. मोठे डॉक्टर गेले तसा त्या डेटाबेसवरचा काकूंचा जीव जरा जास्तच वाढला. तीन पोरांना एकत्र बांधणारं आता एवढंच उरलंय, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

आणि पोरांचं तर जमेना. रोजची कटकट. थोरल्याचा महिन्याचा रिपोर्ट सुरू झाला की खालचे कॉम्प्युटर जे बसायचे ते बसायचेच. डोळ्यांत थेंब घालून बसलेले म्हातारे, काही दिसत नाही, काही कळत नाही, 'माझा नंबर गेला का हो' म्हणून भिंतीला विचारायचे. काउंटरवरची मुलगी रडकुंडीला यायची. मग बहीण फोन उचलायची, थोरल्याला बोलायची. थोरला म्हणायचा, रिपोर्ट काय मी हौसेने काढतो? ती म्हणायची, संध्याकाळी काढ. तो म्हणायचा, संध्याकाळी तुझ्याच काउंटरची पोरं दिवसाच्या नोंदी चढवत मशीन अडवून ठेवतात. धाकटा मध्ये पडायचा आणि दोन्हीकडून बोलणी खायचा. पूर्वी तिघं दुपारी मधल्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत एकत्र जेवायची. पुढे बहीण आपला डबा घेऊन केबिनमध्ये बसायला लागली, आणि दार लावून घ्यायला लागली.

काकू तिची बाजू घ्यायच्या नाहीत आणि त्याचीही नाही. त्या कुलूप शोधून काढायच्या, सोडवायच्या आणि वर जायच्या.

अशात एक दिवस खालच्या काउंटरवर काकू प्रिंटर बघत असताना फोन वाजला. मुलगी जागेवर नव्हती म्हणून त्यांनीच घेतला. पलीकडे जागा भाड्याने लावून देणारा एक माणूस होता. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा म्हणाला, स्टेशनाजवळची जागा त्यांनी पाहिली होती ना, मालक तयार आहे, त्यांनी हो म्हणावं. त्यांनी निरोप चिठ्ठीवर लिहिला, केबिनमध्ये ठेवला, आणि कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. भावांना सांगावं तर ती चुगली. तिला विचारावं तर आपण कोण? पगारी माणूस. पण त्या दिवसापासून काकूंना दुसरं काही सुचेना. ही पोरगी गेली की धाकटाही जाणार, आणि मोठ्या डॉक्टरांनी उभं केलेलं सगळं एकट्या थोरल्याच्या गळ्यात पडणार. असं होऊ द्यायचं नाही. कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण होऊ द्यायचं नाही.

आणि नेमका तेव्हाच तो घोटाळा झाला.

झालं असं, की थोरल्याच्या काउंटरवर नवीन मुलगी आली होती. कामाला चटपटीत. थोरल्याने तिला सांगितलं, आपल्याकडे एकाच पेशंटची नोंद दोनदोनदा झालीये, ती जरा निस्तर. दातांकडे ते खरंच तसं होतं, आज एका स्पेलिंगने आला, उद्या दुसऱ्या. मुलीने डोकं चालवलं. ज्यांचा फोन नंबर एक, तो माणूस एक. सगळे निवडले, 'एकत्र करा' दाबलं, आणि हात झटकून चहाला गेली. दातांच्या पेशंटांच्या बाबतीत तिचं चुकलंही नव्हतं फारसं. पण पेशंटांचा तक्ता तिन्ही मजल्यांचा एकच. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात येणारी आजी फोन कुणाचा देते? मुलाचा. आजोबाही मुलाचा. नातवालाही तोच घेऊन येतो. झालं! घरंच्या घरं एकेक माणूस होऊन बसली. आजीचा मोतीबिंदू, नातवाचा तिरळेपणा, मुलाचा चष्मा, सगळं एकाच नावावर. एका ठिकाणी तर वय सहा वर्षं आणि दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू असा पेशंट तयार झाला.

ऐकणाऱ्याला हसू येईल. बहिणीला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे मोतीबिंदूची ऑपरेशनं होती. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर ज्याचा त्याचा वेगळा, तो आधीच मोजून नोंदलेला असतो, आणि आता त्या नोंदींखाली नाव कुणाचं खरं मानायचं? त्यात एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर होते, ज्यांचा दुसरा डोळा कधीच गेलेला. त्यांना चुकीचं भिंग बसलं असतं तर बिचाऱ्यांना चुकीचंच जग दिसलं असतं उरलेलं आयुष्य. ती काकूंच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, "काकू, मला कालची माझी नोंद परत हवी. आज. नाहीतर मी सगळ्यांना घरी पाठवते, आणि पुन्हा इथे बोलवत नाही."

काल रात्रीचा बॅकअप, म्हणजे सगळ्या नोंदींची वेगळी ठेवलेली प्रत, तयार होता. काकूंचा बॅकअप नाही असं कधी झालंय? पण घोडं भलतीकडेच अडलं. डेटाबेस एकच, तर कालचा परत आणायचा म्हणजे तिघांचाही कालचा. वर थोरल्याने सकाळपासून खुर्चीत बसवलेली सगळी माणसं, धाकट्याने लिहिलेले व्यायाम, घेतलेल्या वेळा, सगळं पुसलं जाणार. थोरला म्हणाला, माझी सकाळ पुसायची नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचंही बरोबरच होतं. एकाच्या दुखण्याला तिघांनी का कडू औषध प्यायचं?

काकू स्वेटरच्या बाह्या सावरत बसून राहिल्या. एक वाट होती, आणि ती त्यांना पहिल्यापासून माहीत होती, पण पसंत नव्हती. त्याच सर्व्हरवर डेटाबेसचं दुसरं इन्स्टन्स उभं करायचं. म्हणजे तोच प्रोग्राम, पण दुसऱ्यांदा चालवलेला. त्याची मेमरी वेगळी, फाइली वेगळ्या, दार वेगळं. पहिल्यात काय चाललंय याचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्या दुसऱ्यात कालचा बॅकअप उघडायचा, त्यातून फक्त डोळ्यांच्या नोंदी उचलायच्या आणि चालू डेटाबेसात जागच्या जागी ठेवायच्या. वरच्यांची सकाळ शाबूत, खालच्यांचा काल परत. अडचण एवढीच, की मशीन म्हातारं झालेलं. दोघांना पुरेल एवढी मेमरी त्याच्याकडे नव्हती. म्हणजे दुपारभर वरच्या दोन्ही मजल्यांनी हात आवरायला हवा.

काकू आधी धाकट्याकडे गेल्या. तो कुणाचा तरी पाय हवेत धरून उभा होता. काकूंचं अर्धं ऐकून त्याने मान हलवली, कागदावर लिहितो म्हणाला, तुम्ही जा. थोरल्याकडे वेळ लागला. त्याने आधी नव्या मुलीवर खापर फोडून पाहिलं, मग सॉफ्टवेअरवर, मग फोन कंपनीवर. काकूंनी सगळं फुटू दिलं. मग त्याला मास्तरांच्या डोळ्याचं सांगितलं. थोरल्याने मास्क खाली ओढला आणि आपल्या काउंटरला सांगितलं की दुपारी कॉम्प्युटर बंद, कुणी हात लावायचा नाही.

काकूंनी दुसरं इन्स्टन्स चालू केलं. मशीन घरघरलं, धापा टाकल्या, पण उभं राहिलं. मग एकेक घर सोडवायचं काम. आजी इकडे, आजोबा तिकडे, नातू आपल्या वयात. त्यांच्या खांद्याशी बहीण उभी होती, पेशंट ओळखून नंबर ताडून बघत होती. किती दिवसांनी दोघी अशा शेजारी होत्या! मास्तरांची नोंद जागेवर आली तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. बाहेर अजून उजेड होता. वरच्या मजल्यांना कॉम्प्युटर सुरू करायला सांगितलं आणि काकू दुसरं इन्स्टन्स बंद करायला वळल्या, तेवढ्यात बहिणीने त्यांचा हात धरला.

"हे बंद करू नका, काकू. मला हेच द्या. माझं वेगळं."

काकूंनी नकार दिला. कारणं त्यांच्याकडे ढीगभर होती. दोन इन्स्टन्स म्हणजे दोन बॅकअप, दोन जागी डागडुजी, दोघं मेमरी अडवून बसणार, एकाला नको असली तरी दुसऱ्याला मिळणार नाही. आणि इंजेक्शन न चालणाऱ्या त्या बाई? त्यांची नोंद खाली झाली तर वर कशी दिसणार? सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण ते नव्हतंच. त्यांना वाटत होतं, आज डेटाबेस वेगळा काढला की उद्या ही स्टेशनाजवळ वेगळी चूल मांडणार. आपल्याच हाताने तिचं सामान बांधून द्यायचं? ते त्या बोलल्या नाहीत. बहिणीनेही वाद घातला नाही. बरं म्हणाली आणि खाली गेली. ते 'बरं' काकूंना घरी पोहोचेपर्यंत टोचत राहिलं.

घरी काकूंचा नवरा. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि घरातही डोळ्याला भिंग लावूनच वावरायचा. जेवताना काकूंनी त्याला सगळं सांगितलं, जागेच्या फोनसकट. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, लग्न झाल्यावर आपण एका पांघरुणात झोपायचो, आठवतंय? काकू म्हणाल्या, हे काय आता मध्येच? तो म्हणाला, तू पांघरूण ओढायचीस. काकू म्हणाल्या, मी नाही, तुम्ही ओढायचात. रोज सकाळी भांडणं. मग दोन पांघरुणं आणली.

"म्हणून काय तू माहेरी गेलीस का?" तो म्हणाला आणि डाळ वाढून घेतली.

काकू चिडल्या. एवढ्या गंभीर गोष्टीची ह्या माणसाने गोधडी करून टाकली म्हणून चिडल्या. पण आडव्या पडल्या तेव्हा त्यांनी आपलं पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं, आणि शेजारच्याचं घोरणं ऐकत त्यांना कबूल करावं लागलं की भांडण खरंच झालं नव्हतं त्यानंतर. निदान पांघरुणावरून तरी.

सकाळी ऑपरेशनं झाली. मास्तरांना नीट दिसायला लागलं, आणि त्यांनी पहिलं काय केलं तर भिंतीवरचं चित्र तिरपं लागलंय म्हणून तक्रार केली. काकू थोरल्याकडे गेल्या आणि सर्व्हरला वाढीव मेमरी मागितली. कशाला ते सांगितलं. थोरला म्हणाला, देऊन टाका तिला वेगळं, निदान फोनवरच्या शिव्या तरी बंद होतील. धाकट्याला विचारलं, तुलाही वेगळं काढून देऊ? तो म्हणाला, छे, मला कशाला, मी दिवसाला चार ओळी लिहितो, मला दादाजवळच राहू दे. तर असं ठरलं. दवाखाना बंद असतो त्या दिवशी काकूंनी काम काढलं. डोळ्यांचं इन्स्टन्स स्वतंत्र, वरच्या दोघांचं एकत्र. ज्याला जे औषध चालत नाही ती नोंद मात्र एकीकडे झाली की लगेच दुसरीकडे जाऊन बसेल, अशी सोय त्यांनी स्वतः केली आणि ती वाचलेल्या बाईंचीच नोंद पाठवून तपासली. सगळं नीट चाललं. काम संपलं तेव्हा काकूंना वाटलं आपण कुणाची तरी बॅग भरून दिली. डोळे भरून आले, आणि स्वेटरची बाही कामाला आली.

त्यानंतर थोरल्याच्या रिपोर्टचा दिवस आला. काकू सकाळपासून फोनशेजारी बसून. फोन वाजेना. त्यांनी रिसीव्हर उचलून पाहिला, बिघडलाय की काय. बिघडला नव्हता. वरचा रिपोर्ट मस्त दळण दळत होता, आणि खालचं आपलं झरझर चालू. एकमेकांना धक्का नाही. काकूंना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना चुकल्याचुकल्यासारखंच वाटत होतं. इतकी वर्षं रोज कुणीतरी हाक मारायचं. दुपारी त्यांना राहवेना. पॅन्ट्रीतला नळ गळतो का बघते, असं स्वतःलाच सांगून त्या मधल्या मजल्यावर गेल्या.

पॅन्ट्रीत तिघं होती. बहीण खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली, लहानपणी बसायची तशी. धाकटा कुठल्याशा पेशंटची नक्कल करत होता, आणि थोरला जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसत होता. काकू दारातच थांबल्या. किती महिन्यांनी हे बघत होत्या! त्यांचा ऊर भरून आला, आणि त्या भरात, जे इतके दिवस तोंडातून काढलं नव्हतं ते निघून गेलं.

"अगं, मग त्या स्टेशनाजवळच्या जागेचं काय केलंस?"

धाकट्याची नक्कल अर्ध्यावरच राहिली. काकूंनी जीभ चावली, पण आता काय उपयोग.

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. कुठली जागा, असं त्याने विचारलं. बहिणीने पाय खाली सोडले. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाली, बघितली होती एक. हो म्हणायचं जवळजवळ ठरलं होतं. काकूंनी मला वेगळं करून दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं.

"रोज तुझ्याशी भांडून भांडून मला तुझा राग यायला लागला होता, दादा. सकाळी दारातून आत शिरतानाच यायचा. मला तसं नको होतं. लांब राहिले असते तर निदान तू आवडत राहिला असतास."

थोरल्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, एवढं होतं तर मला एकदा सांगायचं नाही?

"सांगतच होते की रे," ती म्हणाली. "तुला वाटायचं मी कॉम्प्युटरबद्दल बोलतेय."

ते वाक्य थोरल्याला जेवढं लागलं तेवढंच दारातल्या काकूंनाही लागलं, कारण त्यांनाही इतके दिवस तसंच वाटत आलं होतं. थोरल्याने आपला डबा बहिणीकडे सरकवला, हे घे, यात तिखट कमी आहे म्हणाला, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली.

"काकू," तो म्हणाला, "उभ्या का? बसा ना."